वायफायचा पासवर्ड बदलायचाय, पण शेजारच्या वहिनींना काय सांगू?

प्रश्न: मी त्रेसष्ट वर्षांची, डोंबिवलीत एकटी राहते. मुलगा बंगळुरूला असतो. २०२० साली लॉकडाउनमध्ये त्याने घरी फायबरचं कनेक्शन घेऊन दिलं. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलाची शाळा ऑनलाइन चालू होती आणि त्यांच्याकडे नेट नव्हतं, म्हणून मी आपणहून पासवर्ड दिला. लक्षात राहावा म्हणून माझा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवलाय. पुढे कामाच्या मावशींची मुलगी, केबलवाला, भिशीच्या मैत्रिणी असं करत तो बऱ्याच जणांकडे गेला. आता संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉल लावला की चित्र अडकतं. गणपतीत भाचा आला होता, त्याने बघितलं आणि म्हणाला, "मावशी, सतरा डिव्हाइस जोडलेत!" माझ्या घरात एक मोबाइल, टीव्ही आणि मुलाने दारावर बसवलेला कॅमेरा, एवढंच आहे. पेन्शन मी मोबाइलवरच बघते. माझ्या पैशांना धोका आहे का? आणि पासवर्ड बदलला तर वरच्या वहिनींना काय वाटेल? अडीअडचणीला त्याच धावून येतात.
एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर:

ताई, पासवर्ड बदलणं पंधरा मिनिटांचं काम आहे. तुम्हाला अडवून धरलंय ते वहिनींच्या मनाचं काय, या विचाराने, हे पत्रावरून कळतंच. त्याबद्दल लिहिणार आहे, पण आधी पेन्शनची काळजी मिटवू.

बँकेचं ॲप बँकेशी बोलतं ते सगळं कुलूपबंद होऊनच जातं. तुमच्याच वायफायवर बसलेल्या जाणकार माणसाला फार तर तुम्ही कोणत्या बँकेशी बोलताय एवढं कळेल. खात्यात किती आहे, पिन काय, हे नाही. तेव्हा वरच्या मुलाकडे पासवर्ड आहे म्हणून पेन्शन जाईल, ही भीती मनातून काढून टाका. पैसे जातात ते फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला की, किंवा "मी सांगतो ते ॲप टाका" म्हणून तुमच्या मोबाइलची स्क्रीन बघायला लागला की. असं कधी झालंच तर विचार करत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या नंबरवर फोन करा. हा सरकारी नंबर आहे आणि पैसे पुढे सरकायच्या आत अडवता यावेत यासाठीच आहे.

मग धोका कशाला? तुमच्या नावाला. कनेक्शन तुमच्या मुलाने घेतलं असेल तर कागदोपत्री त्याच्या नावाला. त्या नेटवरून जे काही होतं ते कंपनीच्या नोंदीत त्या कनेक्शनच्या खात्यावर पडतं. ते कोणी, कुठल्या खोलीत बसून केलं, हे त्या नोंदीत नसतं.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या नवी मुंबईत हे घडलेलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. तपासाचा माग निघाला तो थेट सानपाड्यातल्या एका फ्लॅटपाशी. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. पोलीस दारात आले, चौकशी झाली, घरातले संगणक तपासायला गेले. त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचं वायफाय कुणीतरी परस्पर वापरलं होतं. पुढच्याच काही आठवड्यांत असेच दोन ईमेल गेले, एक माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून आणि दुसरा चेंबूरच्या एका कंपनीच्या. त्यानंतर २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी, म्हणजे पासवर्ड नसलेली, वायफाय शोधत शहरात फिरायचं ठरवलं होतं. इतक्या टोकाचं तुमच्याकडे होणार नाही. पण कुणाच्या तरी मित्राने तुमच्या नेटवरून एखाद्या मुलीला घाणेरडा मेसेज पाठवला, तरी पहिली चौकशी तुमच्या दारातच होईल. त्रेसष्टाव्या वर्षी, घरात एकटं असताना, तो मनस्ताप तुम्हाला का व्हावा?

आता ते सतरा. सगळेच परके असतील असं नाही. तुमचा टीव्ही, कॅमेरा, तुमचा मोबाइल, मुलगा मागच्या सुट्टीत आला तेव्हाचा त्याचा लॅपटॉप, भाच्याचा फोन, कपाटात पडलेला जुना मोबाइल, असे बरेच घरचेच निघतात. काही राउटर, म्हणजे वायफायचे डबे, आज जोडलेले आणि पूर्वी कधी जोडलेले एकाच यादीत दाखवतात. शिवाय २०१९-२० नंतरचे अँड्रॉइड आणि आयफोन प्रत्येक वायफायला स्वतःची खरी ओळख न देता एक बनावट क्रमांक देतात, त्यामुळे यादीत ओळखू न येणारी नावं आणि आकडे दिसतात. ती यादी घेऊन कोण कोण आहे याचा छडा लावत बसू नका, आणि कुणावर संशय तर मुळीच घेऊ नका. पासवर्ड बदलला की सगळेच बाहेर पडतात. मग ज्यांना घ्यायचं त्यांनाच आत घ्या.

पण बदलायचे पासवर्ड दोन आहेत, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा खुद्द राउटरचा, म्हणजे त्या डब्याच्या आतल्या सेटिंगमध्ये जायचा. पहिला म्हणजे घराच्या दाराची किल्ली. दुसरा म्हणजे कुलूपच बदलायचा अधिकार. पहिला लोक कधीतरी बदलतात. दुसरा कनेक्शन बसवून गेलेला माणूस जसा ठेवून गेला तसाच वर्षानुवर्षं राहतो. कित्येक डब्यांवर तो 'ॲडमिन' आणि 'ॲडमिन' एवढाच असतो. त्या मॉडेलचा ठरलेला पासवर्ड नेटवर शोधला तर कुणालाही सापडतो.

त्याने काय होतं ते मी आईच्या घरी बघितलंय. साताऱ्याला तिच्याकडे राउटर टीव्हीच्या कपाटावर, गणपतीच्या शेजारी ठेवलेला असतो, त्यावर क्रोशाचा रुमालसुद्धा आहे. एकदा तिचा फोन आला, "अगं, पेपर वाचायला उघडते तर लॉटरीच लागल्याचं येतंय." मोबाइल खराब झाला असेल म्हणून आम्ही दोन दिवस त्यातच डोकं घातलं. मग माझ्या वहिनीच्या मोबाइलवरही तेच दिसायला लागलं, आणि बँकेची साइट उघडली की 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी. दोन वेगळ्या मोबाइलना एकच आजार, म्हणजे दोष मोबाइलचा नव्हताच. मी गेले, रुमाल काढला, डबा उलटा केला. खालच्या स्टिकरवर धूळ साचली होती. ओल्या बोटाने पुसली तर खाली छापलेला मूळ पासवर्ड दिसला. तो टाकला आणि राउटर लगेच उघडला. पाच वर्षांत कुणी बदललाच नव्हता. आत डीएनएस नावाची एक सेटिंग असते. आपण साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता कुणाला विचारायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. त्या जागी कुणीतरी भलताच पत्ता भरून ठेवला होता, म्हणून नाव एकाचं टाकलं तरी काही वेळा दार दुसऱ्याचंच उघडत होतं. तो पत्ता काढला, दोन्ही पासवर्ड बदलले आणि दोन मिनिटांत घरातले सगळे मोबाइल बरे झाले. आईने ती बँकेची पाटी बघून पुढे काही दाबलं नव्हतं, म्हणून पैसे वाचले. तशी पाटी तुम्हाला कधी दिसली तर तिथेच थांबा, तरीही पुढे जाण्याचं बटण दाबू नका.

तुम्ही काय करायचं ते सांगते. सकाळची निवांत वेळ घ्या, संध्याकाळी मालिका किंवा मुलाचा कॉल असतो तेव्हा नको. डबा उलटा करून स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मोबाइल घरच्या वायफायवर असतानाच क्रोम उघडा आणि वर जिथे साइटचा पत्ता लिहितो तिथे स्टिकरवरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटर नाव आणि पासवर्ड विचारेल, तेही स्टिकरवरचेच. आत गेल्यावर आधी राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदला, मग वायफायचा. वायफायचा बदलून सेव्ह केलं की तुमचाही मोबाइल लगेच तुटेल. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही, नवा पासवर्ड टाकून परत जोडा.

काही कंपन्यांच्या डब्यात हे असं आत जाता येत नाही, पण त्यांच्या ॲपमधून वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो. तेही जमलं नाही तर कंपनीच्या माणसाला बोलवा आणि दोन्ही पासवर्ड त्याने टाकायचे नाहीत, तो शेजारी उभा असताना तुम्ही स्वतःच्या बोटांनी टाका. त्याच भेटीत त्याला सांगा, "रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर बंद करा." म्हणजे बाहेरच्या जगातून कुणाला तुमच्या राउटरच्या दारापर्यंत येता येणार नाही. देखभालीसाठी कंपनीला ते लागतं असं तो म्हणाला, तर निदान कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाला ते उघडं नाही ना, एवढं विचारून घ्या.

एक चूक मात्र करू नका. डब्यामागे टाचणी घालायचं एक बारीक भोक असतं, रीसेटचं. पासवर्ड आठवला नाही तर ते दाबा, असं कुणी सांगेल. फायबरच्या डब्यात ते दाबलं तर कंपनीने भरलेली कनेक्शनची माहितीच पुसली जाऊ शकते, आणि मग माणूस येईपर्यंत घरात नेट नाही.

पासवर्ड कोणता ठेवायचा? मोबाइल नंबर नको. तो तुमच्या गॅसवाल्यापासून भिशीपर्यंत सगळ्यांकडे आहे हे एक कारण झालंच. दुसरं म्हणजे, जिन्यात बसून कुणी तुमच्या घरातला मोबाइल वायफायला जोडला जातानाचा क्षण पकडला, तर पुढचं काम तो स्वतःच्या घरी जाऊन करू शकतो. संगणक एकामागून एक पासवर्ड लावून बघतो, आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतो. आठ आकड्यांचे सगळे मिळून दहा कोटी पासवर्ड होतात, म्हणजे तेवढ्यासाठी काही मिनिटं पुरतात. दहा आकडी मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो हेही त्याला माहीत असतं, त्यामुळे तेही फार तर काही तासांचं काम. जन्मतारीख, मुलाचं नाव आणि पुढे १२३, सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, हे सगळं याच पंगतीतलं.

त्यापेक्षा घरातलं कोणतंही जाडसं मराठी पुस्तक घ्या. डोळे मिटून चार-पाच वेळा उघडा आणि दर वेळी बोट पडेल तो शब्द उचला. समजा निघाले खलबत्ता, तिकीट, सावली, गुरुवार, पाटावर. हे एकापुढे एक, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत लिहा. असा पासवर्ड तीस-पस्तीस अक्षरांचा सहज होतो (वायफायमध्ये त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो), पाठ करायला सोपा आणि फोडायला महाकठीण. आम्ही मराठी शब्द इंग्रजीत लिहिताना एकजण एका पद्धतीने लिहितो आणि दुसरा दुसऱ्या, तोही फायदाच. फक्त शब्द खरोखर बोट पडतील तेच घ्या. ओळखीची ओवी, आरतीची ओळ, शाळेतली कविता नको. जे सगळ्यांना पाठ आहे ते फोडणाऱ्याच्याही यादीत असू शकतं. आणि मी वर दिलेले शब्दही नकोत, ते आता छापले गेले.

हा पासवर्ड कागदावर लिहून ठेवायला अजिबात हरकत नाही. गॅसचा ग्राहक क्रमांक आणि विजेचं बिल ज्या वहीत असतं त्याच वहीत, कपाटात. फ्रिजवर चिकटवू नका एवढंच.

त्याच सेटिंगच्या पानावर 'सिक्युरिटी' नावाची एक ओळ असेल. वायफायचं कुलूप कोणत्या प्रकारचं, हे तिथे निवडायचं असतं. डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर ते घ्या. जुना टीव्ही त्यावर जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय असतो तो घ्या, नाहीतर नुसतं डब्ल्यूपीए२. 'ओपन' किंवा 'डब्ल्यूईपी' असेल तर लगेच बदला. डब्ल्यूईपी २००१ सालीच मोडून दाखवलं गेलं होतं, तरी जुन्या डब्यांवर ते अजून सापडतं. आणि 'डब्ल्यूपीएस' म्हणून काही दिसलं तर बंद करा. ती पासवर्ड न टाकता, आठ आकडी पिनने जोडायची सोय आहे. २०११ मध्ये उघड झालं की बऱ्याच राउटरमध्ये ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे दहा कोटींच्या जागी अकरा हजार प्रयत्नांतच ती सापडते. तुमचा पासवर्ड कितीही लांब असो, ही मागची खिडकी उघडी राहिली तर त्याचा उपयोग नाही.

वायफायचं नाव लपवायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने काही साधत नाही. शोधणाऱ्याला ते नाव दिसतंच, तुमच्या पाहुण्यांना मात्र दिसत नाही. त्यात वेळ घालवू नका. नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर असेल तर तेवढं काढून साधं काहीतरी ठेवा, बाई एकटी कुठे राहते हे रस्त्यावरून कळायला नको.

मुलाने बसवलेल्या कॅमेऱ्याबद्दल त्याला आजच फोन करून विचारा, "याचा पासवर्ड तू बदललास का, की खोक्यातलाच आहे?" २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातले असेच कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्याला फार हुशारी लागली नाही, कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते तेवढं पुरलं. तुमच्या दारात कोण कधी येतं-जातं हे बघणारा डोळा दुसऱ्याच्या हातात जाऊ नये. मुलगा तिकडून राउटर आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेटही करू शकला तर करून घ्या. तुमचा डबा आता पाच वर्षांहून जुना आहे. कंपनी त्याला अपडेट देत नसेल तर नवा मागा.

आता वहिनी.

ताई, तुम्ही लॉकडाउनमध्ये एका मुलाची शाळा चालू ठेवलीत. आणि मदत बंद न करताही किल्ली परत घेता येते. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय बहुधा असते. ती चालू केली की तुमच्याच डब्यातून दुसरं वायफाय निघतं, त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावर बसलेल्याला नेट मिळतं, पण तुमचा टीव्ही, कॅमेरा, राउटरची सेटिंग यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. वेगाची मर्यादा घालायची सोय असेल तर तीही घाला, म्हणजे तुमचा व्हिडिओ कॉल अडकणार नाही. नको असेल तेव्हा ते एका बटणाने बंद होतं. भिशीच्या मैत्रिणींना, भाच्याच्या मित्रांना कायम तेच द्या. तुमच्या मुख्य वायफायचा पासवर्ड तुम्ही आणि मुलगा एवढ्यांतच राहू द्या. आजकाल मोबाइलवर चौकोनी कोड दाखवून वायफाय देता येतं, पण ज्याला कोड दाखवला त्याच्या मोबाइलमधून पासवर्ड वाचता येतो आणि पुढेही देता येतो, हे लक्षात असू द्या.

एवढं मात्र खरं, की गेस्टवरून कुणी काही केलं तरी ते पडणार तुमच्याच खात्यावर. म्हणून ते विश्वासाच्या माणसांनाच द्यायचं आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याचाही पासवर्ड बदलायचा. वहिनींचा मुलगा तेव्हा शाळेत होता, आता कदाचित कॉलेजात असेल. मोबाइलच्या रिचार्जमध्ये नेट येतंच. त्यांना तुमच्या वायफायची गरज उरली आहे का, हे विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

पासवर्ड बदलून गप्प बसू नका. मग वर नेट बंद पडेल, मुलगा खाली येऊन विचारेल, तुम्ही चाचरत काहीतरी सांगाल आणि मनात अढी तिथे बसेल. बदलायच्या आदल्या दिवशी स्वतः वर जा. चहा होईल तेव्हा सरळ सांगा, "वहिनी, माझा पासवर्ड फार जणांकडे गेलाय. कोण काय वापरतं मला कळत नाही, आणि काही झालं तर नाव आमचं येणार. उद्या मुलाच्या सांगण्यावरून सगळ्यांचाच बदलतेय. तुम्हाला अजून लागत असेल तर पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलंय, ते देते." यात एकही शब्द खोटा नाही आणि त्यांच्यावर एकही आरोप नाही. मुलाचं नाव पुढे करायला संकोच वाटू देऊ नका; त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे तेही खरं होईल. अडीअडचणीला धावून येणारी बाई हे ऐकून दुखावणार नाही असं मला मनापासून वाटतं. कदाचित त्यांच्याकडेही कधीच स्वतःचं नेट आलेलं असेल आणि तुमचं त्यांचा मोबाइल नुसता सवयीने पकडत असेल.

कामाच्या मावशींच्या मुलीला मात्र विचारायच्या आधीच गेस्टचा पासवर्ड देऊन टाका. तिचा अभ्यास चालू असेल तर मध्ये एक दिवसही खंड नको. आणि सगळं झालं की टीव्ही आणि कॅमेरा नव्या पासवर्डने जोडायला विसरू नका, ते आपणहून जोडले जात नाहीत. कॅमेऱ्यासाठी मुलाला व्हिडिओ कॉल लावा, तो बघत असतानाच करा.